मी न मिसळलेली मूठ

सोलापूरची एसटी युसूफ वडगावात सकाळी साडेसातला यायची. आम्ही गाव सोडलं त्या दिवशी ती आठ वाजले तरी आली नव्हती. आमचं भुसाराचं दुकान थांब्याच्या समोरच. बायको दोन मुलांना घेऊन ट्रंकेवर बसलेली, आणि मी अप्पांसमोर उभा. अप्पा म्हणजे माझे वडील. निरोपाचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून त्यांनी माल घ्यायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"तिथं पिकतंय काय?"

"चहा. बटाटे. गाजरं."

"आन तू काय करणार?"

"आभाळातून काय काय येतं ते मोजणार."

"पाऊस सोडून बी येतंय व्हय काई?"

वैजनाथ, तू तेव्हा ज्वारीच्या पोत्यावर बसून दात कोरत होतास. तू म्हणालास, "अप्पा, आपल्याकडं पाऊस बी येईना. मोजायला तिकडंच जावं लागंल दादाला." अप्पा हसले. माय मात्र आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. गाडी आल्यावर तिनं माझ्या धाकट्या पोराच्या हातात दशम्यांचं फडकं दिलं आणि मला एवढंच म्हणाली, "तिथल्या लोकायला आपलं बोलणं कळंल का रं?"

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. पंधरा वर्षं बीडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून झालेलं, उशिरा का होईना डॉक्टरेट हातात आलेली. देशात सगळं खुलं होतंय असं वर्तमानपत्रं सांगत होती. बीडच्या बसस्टँडसमोर पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ आले होते. दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या संशोधन केंद्राला नव्या मुलांना तयार करणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला आणि त्यांनी मला घेतलं. माझं संशोधन बेताचं होतं, पण शिकवणं चांगलं आहे असं मुलाखतीत कुणीतरी म्हणालं. ते खरं होतं, निदान काही वर्षं.

आपल्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. गावच्या मातीतून एवढ्या उंचीवर कसा गेलो ते लिहा, असा निरोप आहे. वैजनाथ, ती दोन पानं मी लिहायला बसलो आणि त्याऐवजी हे लिहून झालं. तुझ्यासाठी आहे, आणि गाव सोडून गेलेल्या ज्या कुणाला वाटतं की आपण मागं काही मोडून आलो नाही, त्यांच्यासाठीही. छापायला द्यायचं की नाही ते तू ठरव.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. आकाशात कुठं मोठा स्फोट झाला, तारा फुटला, तर त्याची खबर अनेक वाटांनी येते. प्रकाश येतो, अतिसूक्ष्म कण येतात, आणखीही काही येतं. एकाच घटनेचे हे वेगवेगळे निरोपे. एकट्याचं ऐकून फसगत होते, पण दोघांनी एकाच वेळी, एकाच दिशेकडून तेच सांगितलं तर विश्वास बसतो. आज या विद्येला बहुदूत खगोलभौतिकी असं भारदस्त नाव आहे. आमच्या वेळी नावही नव्हतं. डोंगरावर पत्र्याच्या खोपट्यांतून ठेवलेले कण मोजणारे डिटेक्टर होते, आणि दूर एका खाणीच्या तळाशी दुसऱ्या लोकांनी बसवलेलं यंत्र होतं. दोन्हीकडची नोंद चुंबकीय टेपांवर उतरायची. मुलांनी त्या दोन टेपा शेजारी ठेवून बघायचं, की एकाच घटकेला दोन्हीकडे काही आलं का. शेकडो तास काही येत नाही. मग डोळे जे नाही ते पाहू लागतात. हा रोग घालवणं म्हणजे माझं शिकवणं.

त्याचा उपाय मी अप्पांकडून नेला होता. तुला आठवत असेल, आपण लहान असताना अप्पा नव्या ज्वारीच्या ढिगात गेल्या सालची एक मूठ मिसळायचे आणि आपल्याला म्हणायचे, सांगा, कुठं हाय. दाणे तळहातावर घेऊन, वास घेऊन, दाताखाली फोडून आपण ती शोधायचो. कधी कधी ते मूठ टाकायचेच नाहीत. तरी आपण दोघं हटकून काहीतरी काढून दाखवायचो आणि मार खायचो. मी तेच केलं. मूळ टेपेची प्रत काढताना त्यात मी खोटा ठसा मिसळत असे, अगदी खऱ्यासारखा, आणि ती प्रत मुलांना देत असे. कुठल्या प्रतीत किती मुठी, ते फक्त मला ठाऊक. खोट्याला खरं म्हणणाऱ्याच्या अहवालात मी तसं लिहायचो, आणि त्या अहवालावर त्याचं पुढचं ठरायचं. आमच्याकडची मुलं चाचणीला 'मुट्टी' म्हणायला लागली. तमिळ मुलंही म्हणायची.

तिथं आमचं बरं चाललं होतं. बायको बाजारात तमिळ बोलू लागली, पोरं इंग्रजीत भांडू लागली. संध्याकाळच्या धुक्यात स्वेटर घालून चहा पिताना बीडचा मे महिना आठवला की खोटं वाटायचं. मायला कळवायचं म्हणून मी लिहायचो, आपलं बोलणं इथं कुणाला कळत नाही, पण मुठीचा खेळ सगळ्यांना कळला.

तिसऱ्या वर्षी मी बीडहून एक मुलगी आणली. तिचं नाव इथं रंजना ठेवतो, खरं नाव तिनं लिहू दिलेलं नाही. शिरूर कासारची. घरची सगळी दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्यावर जायची आणि ही आजीजवळ राहून शिकलेली. बीडला माझ्याच वर्गात होती. एम.एस्सी. झाल्यावर मीच तिला अर्ज करायला लावला. तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "सर, पोरगी तिथं काय तोडणार?" मी म्हणालो, "काही तोडायचं नाही, बघत बसायचं." ते म्हणाले, "बसून खायचं काम हाय म्हणा की. मग जाऊ द्या."

ती आमच्याकडच्या सगळ्यांत चांगली होती. हे मी आज दयेपोटी लिहीत नाही. इतर मुलं आकडे आधी आलेखात टाकायची, ही आधी आकडे नुसते वाचायची, पानंच्या पानं, ओठ हलवत. पहिल्या सहा महिन्यांत माझी एकही मूठ तिनं खरी मानली नाही. दोनदा तर मी मूठ टाकलीच नव्हती आणि तिनं कोरं पान आणून दिलं. "काईच न्हाई सर यात." लहानपणी आपल्याला हे जमलं नव्हतं.

मग अप्पा गेले. तुझा फोन केंद्रात आला तेव्हा मी वर्गात होतो. मी तसाच निघालो आणि पोचलो तोवर तुम्ही समाधी देऊन मोकळे झाला होतात. दुसरीकडं निदान राख असते, सावडायला जाता येतं. आपल्यात माणसाला मातीत बसवतात, हातात इष्टलिंग देतात, आणि वर माती सारखी केली की उशिरा आलेल्याला पाहायला काही उरत नाही. ओल्या मातीवर बेल ठेवून मी बसलो. तू म्हणालास, "अप्पानं लई वाट बघितली न्हाई दादा. पटकन गेले." मला बरं वाटावं म्हणून म्हणालास. मी तेरा दिवस राहिलो.

जाण्याआधी मी मुलांसाठी मुठी घातलेल्या प्रती काढून ठेवल्या होत्या. रंजनानं तिच्या दोन्ही लवकर संपवल्या आणि आणखी मागितली. आमचा टेपखोलीचा माणूस सेल्वम, त्यानं तिला ताज्या टेपेची सरळ प्रत काढून दिली. मूठ घालणारा मी गावाला होतो.

मी परतलो त्याच आठवड्यात बाहेरून काही ज्येष्ठ मंडळी केंद्राचं काम तपासायला आली होती. मुलांनी त्यांच्यासमोर आपापलं काम मांडायचं असं ठरलेलं. मुठीची चाचणी मी त्यांना आधीच समजावली होती. रंजना उभी राहिली. तिनं पडद्यावर पान लावलं. सकाळी अकराच्या सुमारास, काही सेकंदांत, एकाच दिशेकडून आमच्या खोपट्यांत कणांचा एक झुबका आला होता, आणि त्याच सेकंदांत खाणीच्या तळाशी दोन कण. ती फार शांतपणे बोलली. "मी आठ वेळा तपासलं. मला हे नाकारता आलं नाही," असं म्हणाली. सापडलं असं ती म्हणालीच नाही.

मग त्या पाहुण्यांतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "ही मूठपण तुमचीच का?"

पानाच्या डोक्यावर तारीख होती. अप्पा गेले ती तारीख. त्या दिवसाची टेप पुढं यंत्रातून निघाली तेव्हा मी गावात मातीजवळ बसलो होतो. ती मूठ माझी असणं शक्य नव्हतं, हे मला तारीख पाहताक्षणी कळलं. विसरलो, गोंधळलो, दुःखात होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला कळलं होतं.

आणि मी म्हणालो, "हो, माझीच."

कावून म्हणालो? एक तर नाही म्हटलं असतं तर केंद्राला त्या पानामागं उभं राहावं लागलं असतं. त्या काळी इतर ठिकाणच्या लोकांनी असे दावे केले होते आणि हसं झालं होतं. दुसरं, माझ्या देखरेखीबाहेर माझ्याच मुलांच्या हाती टेप गेली, हे पाहुण्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. ही कारणं नंतर सुचलेली आहेत. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं, की एक शब्द उच्चारला की सगळे हसतील आणि चहाला उठतील. तसंच झालं. ते गृहस्थ म्हणाले, इतकी बेमालूम चाचणी मी कुठं पाहिली नाही. जाताना त्यांनी माझी पद्धत लिहून मागितली. पुढं ती दोन-तीन ठिकाणी सुरू झाली, त्यासाठी मला बोलावणी येऊ लागली. तू ज्या सत्काराचा फोटो दुकानात लावला आहेस, तो त्यातलाच.

चहाच्या वेळी सेल्वम माझ्याजवळ आला. त्याच्या मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "सर, वो कॉपी मैंने निकाला था." मी म्हणालो, मी आल्यावर बदलून ठेवली होती. तो "सरि सर" म्हणाला आणि कप घेऊन गेला. सरि म्हणजे बरं. एवढ्या वर्षांत या भाषेतला दुसरा कुठला शब्द मला इतका ऐकू आला नाही.

अजूनही काही बिघडलं नव्हतं. मूळ टेप फळीवर होती. ती लावून पाहायला अर्धा दिवस पुरला असता. पण टेपांची टंचाई असायची, म्हणून महिनाभरानं मूळ टेपा पुसून पुन्हा वापरत. कुठल्या पुसायच्या ते मी ठरवायचो. तीन आठवडे मी त्या फळीसमोरून गेलो. मग एका दुपारी ती टेप मी स्वतः काढली आणि पुसायच्या ढिगात ठेवली. रंजनाजवळची प्रत मी आधीच परत घेतली होती.

तिच्या अहवालात मी लिहिलं, 'खोट्यावर भुलण्याची शक्यता आहे.' मराठीत लिहिलं असतं तर कदाचित हात थांबला असता. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य दिसत होतं. तिला पुढच्या टप्प्यावर घेतलं नाही. निघण्याच्या दिवशी ती घरी आली, बायकोच्या आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, "माझीच नजर चुकली सर. तुमी एवढं सांगून बी." बायकोनं तिला डबा दिला. मी तिला खालच्या स्टेशनाच्या गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून म्हणालो, तिकडं पोचली की कळव. तिनं कळवलं. मी उत्तर दिलं नाही.

त्या तुकडीतला आज कुणीही या विद्येत नाही. दोघं बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये गेले, एक अमेरिकेत बँकेचे आकडे बघतो. त्यानं मला मेल केलं होतं, सर, तुमची मुट्टी इथं फार उपयोगी पडते. पुढं जगात दोन दूतांनी एकच खबर आणल्याच्या बातम्या आल्या, मोठी नावं झाली. मी टीव्हीवर पाहत होतो. बायको म्हणाली, तुमचंच काम की हो हे. मी उठून आत गेलो.

इथं एक गोष्ट नीट लिहायला हवी. रंजनानं पाहिलं ते खरं होतं असं मी म्हणत नाही. योगायोग असेल, विजेचा झटका असेल. ते माझं नव्हतं, एवढंच मी म्हणू शकतो. खरं की खोटं हे आता कुणालाच कधी कळणार नाही, कारण कळण्याचं साधन मी पुसलं.

निवृत्त होऊन मी पुण्यात राहतो; गेल्या वर्षी तिथून केजला गेलो. रंजना तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली आहेत. घराच्या दारात मला पाहून तिनं खुर्ची पुसली. "सर, तुमी एवढ्या लांब कावून आलात? फोन करायचा की." मी सगळं सांगितलं. तारीख, सेल्वम, ढीग. सांगून झाल्यावर तिनं विचारलं.

"टेप हाय का?"

"नाही."

"कुणी पुसली?"

"मीच ढिगात ठेवली."

ती उठली, आत जाऊन चहा ठेवला, घेऊन आली. मला दिला, स्वतः घेतला नाही. मग म्हणाली, "मी दर वर्षी जूनमधे पोरांना माझी गोष्ट सांगते, सर. का मला एकदा वाटलं होतं की मला काही दिसलंय. आन ते सरांनी टाकलेलं निघालं. म्हणून डोळ्याला दिसतंय त्याच्यावर लगेच जाऊ नका. सत्तावीस वर्षं सांगतेय."

मी कप खाली ठेवला.

"एक पोरगी होती," ती म्हणाली. "लई विचारायची. प्रयोगात कायबाय निराळं दिसलं की पळत यायची. तिला मी हीच गोष्ट सांगितली. दोनदा सांगितली. मग ती यायची बंद झाली."

"आता कुठंय?"

"दिली लग्न करून. हितंच, दोन गावं सोडून."

मी म्हणालो, मी हे लिहून काढतो, सगळ्यांना कळू दे. ती म्हणाली, "लिहा. माझं नाव घालू नका. आन माझ्या शाळेत पाठवू नका. एवढ्या पोरांना मी आता काय सांगू, का ती गोष्ट खोटी होती म्हणून?" उठताना मी हात जोडले. तिनं जोडले नाहीत. "तुमी आता येत जाऊ नका, सर. राग न्हाई. तुमी दिसले की ते पान दिसंल."

तू मला न्यायला आला होतास, वैजनाथ. घरी आल्यावर जेवताना मी तुला सांगायचा प्रयत्न केला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "एका पोरीचा पेपर तपासताना चूक झाली, एवढंच ना दादा? मास्तर लोकांची होतीच. जेवा." तुझ्या बायकोनं पानात तूप वाढलं. तुम्ही मला एका घासात माफ केलंत, कारण मी काय केलं ते तुम्हाला कळलं नाही. मी जेवलो.

गाव सोडलं तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही ते. आता आपल्या अख्ख्या मुलखात असं एकच माणूस आहे. माझं काम काय होतं, त्यात मी काय केलं, हे तिला अर्ध्या वाक्यात कळतं. तिनं मला येऊ नका म्हणून सांगितलं आहे, आणि ते मी मोडणार नाही.

तू परवा फोनवर म्हणालास, यंदा गावच्या जत्रेला तरी या, वय झालं, किती दिवस राहिलेत. वैजनाथ, मी येणार नाही. पुण्याहून बीड, बीडहून केज, आणि मग आपलं गाव. केज ओलांडल्याशिवाय घर येत नाही.